तीस मण्यांचा अबोला

चादर अर्धी पिळून झाली होती. एक टोक नळाला अडकवून मी दुसरं एकटीनेच पिळत होते, तेवढ्यात वन्सं आल्या. दुपारचे बारा वाजले होते. सव्वीस वर्षांत त्या कधी सहाच्या आत दुकानातून परतल्या नव्हत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी नळावरचं टोक सोडवलं, हाताला गुंडाळलं आणि पिळायला लागल्या. मी उजवीकडे, त्या डावीकडे. पाणी निथळायचं थांबलं तरी त्या थांबेनात. चादरीचा दोरखंड झाला.

"वन्सं, फाटेल ती."

"मान असती तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "कुणाची, ते विचार."

तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरची पिशवी हलली. त्यातून लिंबाएवढं एक केसाळ डोकं वर आलं, त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि चादरीचं लोंबतं टोक दातांत धरून गुरगुरायला लागलं. मी हात पुढे केला. पुढच्या क्षणी माझ्या करंगळीवर दोन लाल ठिपके होते.

"चावते," वन्सं म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच आणलीय."

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. एकतीस वर्षांपूर्वी एक ट्रंक घेऊन परत आल्या त्या आमच्या मागच्या खोलीत राहिल्या. नवरा एकदा खोटं बोलला, एवढंच कारण त्यांनी दिलं. काय खोटं, ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. मोठ्या रस्त्यावरच्या कोटांच्या दुकानात त्या हाताची काजं करायच्या. बटण अडकवायचं भोक मशीनवर मिनिटात होतं, पण वन्संच्या हातचं एक काज अर्ध्या तासाचं. रेशमी दोरा मेणावरून ओढायचा, टाक्याला टाका लावून कडेने जायचं, प्रत्येक टाक्याची गाठ अगदी वरच्या कडेवर बसवायची. कोपऱ्याशी दोरा वळवताना त्या श्वास धरतात. मी पाहिलंय.

त्यांची दुसरी ख्याती अबोल्याची. एकदा यांनी त्यांच्या कात्रीने वर्तमानपत्र कापलं. कापडाच्या कात्रीने कागद! वन्सं सात महिने यांच्याशी बोलल्या नाहीत. एकाच टेबलाशी बसून जेवायचं आणि मला सांगायचं, "तुझ्या नवऱ्याला सांग, भाजीत मीठ कमी आहे." हेही तसेच. "तुझ्या वन्संना सांग, मीठ समोर आहे." सात महिने मी मीठ इकडून तिकडे सरकवलं. देवाने मला सहनशक्ती दिली ती बहुधा या घराचा नकाशा समोर ठेवूनच.

तर त्या दिवशी चादर दोरीवर टाकून झाल्यावर वन्संनी सांगितलं ते असं.

दुकानाच्या मास्तरांनी दीड महिन्यापूर्वी हे पॉमेरियनचं पिल्लू आणलं होतं. गिऱ्हाइकांना गंमत म्हणून. चहाच्या वेळी मास्तर मधल्या बोटात अंगुस्तान घालायचे, म्हणजे सुई ढकलायची ती लोखंडी टोपी, आणि बाकीची बोटं पिल्लाच्या तोंडापुढे नाचवायचे. "घे वाघा, घे!" पिल्लू झेपावून बोट धरायचं. मास्तर अंगुस्तान टेबलावर टकटक वाजवून हसायचे आणि ड्रॉवरमधून बिस्किट काढून द्यायचे. चावलं की बिस्किट. दिवसातून चार वेळा.

"आणि वाघ कसला मेल्याचा," वन्सं म्हणाल्या. "मादी आहे ती. एवढंसुद्धा पाहिलं नाही."

त्या दिवशी एक वकीलबाई काळ्या कोटाचं माप द्यायला आल्या होत्या. मास्तरांनी टेप धरून त्यांच्या बाहीशी बोटं हलवली आणि पिल्लाने वकीलबाईंचं मनगट पकडलं. रक्त आलं. वकीलबाई भडकल्या, तक्रार करते म्हणाल्या. मास्तरांचा चेहरा पडला, पण जीभ नाही पडली. कोपऱ्यात बसलेल्या वन्संकडे बोट करून ते म्हणाले, "या काजवाल्या बाईंनी चिडवून चिडवून खोड लावलीय. एकटी बाई, डोकं जागेवर नसतं हो. आजच काढतो त्यांना." आणि काढलं. सव्वीस वर्षांचं काम, अर्धं झालेलं काज सुईसकट कोटावर राहिलं. पिल्लू कुणाला तरी देऊन टाका म्हणून मास्तर ओरडत होते, तेव्हा वन्संनी ते उचलून पिशवीत घातलं.

"न्या, न्या," मास्तर मागून म्हणाले. "तुमचीच करणी, तुम्हीच निस्तरा."

"निस्तरते," वन्सं म्हणाल्या होत्या. मला मात्र त्यांनी पुढचं सांगितलं. "त्या वकीलबाई चार आठवड्यांनी ट्रायलला, कच्चा कोट घालून बघायला येणार आहेत. कोट अंगावर असताना, त्यांच्या समोर, या पिल्लाने कुणाला दात लावता कामा नये. डोकं कुणाचं जागेवर नाही, ते तेव्हा बघू."

दुसऱ्या कोट शिवणाऱ्यांकडे त्या विचारून आल्या. दोघांनी नाही म्हटलं. मास्तरांची गोष्ट वन्संच्या आधी तिथे पोचली होती, आणि ती ऐकून एक जण तर पिशवीकडे बघून हसला. म्हणजे आता प्रश्न पिल्लाचा नव्हता. वन्संचं नाव आणि वन्संचा हात, दोन्ही त्या लिंबाएवढ्या डोक्यावर अवलंबून होतं.

त्यांनी तिचं नाव गुंडी ठेवलं आणि आम्ही दोघी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण, हसरे. गुंडीने त्यांचा स्टेथोस्कोप चावला. त्यांनी तिला लस टोचली आणि म्हणाले, "दात येतायत, त्यामुळे हिरड्या शिवशिवतात. थंड ओला फडका गाठ मारून द्या चावायला. मारायचं नाही, तोंडावर टिचकी नाही. चावली की हात ओढायचाही नाही, ओढला की तिला खेळ वाटतो. मोठ्याने 'आई गं' म्हणायचं, पाठ फिरवायची आणि बोलायचं नाही. तिच्याकडे बघायचंही नाही. मग पुन्हा खेळायचं. घरातल्या सगळ्यांनी एकच पद्धत."

"अबोला?" वन्सं म्हणाल्या. "तो मला येतो."

मला दवाखान्यात हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त करावं लागलं.

पण झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडीने वन्संचा अंगठा चावला. वन्सं "आई गं" म्हणाल्या, पाठ फिरवून बसल्या, आणि दिवसभर तशाच राहिल्या. गुंडी समोर गेली की त्या मागे वळायच्या. खाणं मीच दिलं. गुंडीने आधी त्यांच्या टाचा चावल्या, मग चप्पल, मग खुर्चीचा पाय, आणि शेवटी माझ्या प्रार्थनेच्या आसनावर येऊन जे करायचं ते केलं. तिसऱ्या दिवशीही तेच. वन्संच्या बोटांना पट्ट्या. अशा बोटांनी दोराही ओवता येत नव्हता.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती वेळ बोलल्या नाहीत म्हणालात?"

"सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसात."

ते म्हणाले, "अहो, अर्धा मिनिट. त्याच्या वर तिला आठवतच नाही तुम्ही कशासाठी रागावलात."

मी वन्संना सांगितलं. त्यांना ते पटेना. "अर्धा मिनिट? मग तो राग कसला! अर्ध्या मिनिटात तर माणसाला नीट कपाळाला आठीसुद्धा घालता येत नाही."

"वन्सं, ट्रायलला तीन आठवडे उरलेत."

त्या घड्याळासमोर जाऊन बसल्या. पण घड्याळाकडे बघून अर्धा मिनिट मोजणं त्यांना जमेना. रागात त्या भराभर मोजायच्या किंवा मोजायचंच विसरायच्या. तेव्हा मी माझी जुनी जपमाळ काढली, तिसाव्या मण्यापुढे लाल दोरा बांधला आणि त्यांच्या हातात दिली. "देवाचं नाव घेत तीस मणी ओढा. लाल दोरा आला की वळा आणि तिच्याशी बोला."

हे जमलं. चावा, आई गं, पाठ, तीस मणी, मग "ये गं गुंडे". पुन्हा चावा, पुन्हा पाठ. दिवसाला चाळीसदा तरी माळ फिरायची. एकतीस वर्षांत वन्सं कधी प्रार्थनेला बसल्या नव्हत्या, आणि आता माळ हातातून सुटत नव्हती. मी माझ्या रोजच्या प्रार्थनेच्या वहीत लिहिलं, देव कुठल्या वाटेने येईल सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या मागून जवळून गेले आणि ऐकलं. एकेका मण्याला वन्सं पुटपुटत होत्या, "मास्तराची कात्री बोथट होवो. मास्तराचं मशीन अडो. मास्तराचा टेप आखूड होवो. मास्तराला सुईत दोरा न ओवता येवो."

"वन्सं! माझ्या माळेवर?"

"देवालाच सांगतेय ना? मनातलं बोलावं त्याच्याशी, असं तूच म्हणतेस."

"असलं मनातलं नाही!"

"मग तुझ्या देवाला दोन मनं आवडतात का, एक बोलायचं आणि एक लपवायचं?"

मी माझ्या खोलीत जाऊन क्षमा मागितली. वहीत मात्र खरं लिहायचं असतं, म्हणून लिहिते: सुईत दोरा न ओवता येवो, हे मागणं मला फार आवडलं. मी स्वतः एक मणी त्यावर ओढला.

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला गुंडी "आई गं" ऐकताच तोंड उघडायला शिकली. मग ती चावायच्या ऐवजी बोट नुसतं ओठांत धरायला लागली, मऊ, जणू अंडं धरलंय. मग तेही कमी झालं. वन्संनी तिला काय काय सवयीचं केलं! पायात पाय घालून चालायचं, कपड्याचं टोक तिच्या नाकापुढे हलवायचं, कान धरायचे, पंजे दाबायचे, तोंडात बोट घालून हिरड्या चोळायच्या. शेजारणींना बोलावून त्यांचे हात पुढे करायला लावले. कुणाला दात लागला नाही. काजासारखंच काम होतं ते, टाक्याला टाका लावून. वन्संच्या बोटांच्या पट्ट्या निघाल्या.

एक गोष्ट त्यांनी केली नाही.

डॉक्टर दुसऱ्या खेपेला म्हणाले होते, "ज्या खेळातून ही खोड लागली, तोच खेळ घरी करून बघा आणि तिथेही हेच शिकवा. नाहीतर तेवढी एक जागा कच्ची राहील." मी ऐकलं होतं, वन्संनीही. पण तोंडापुढे बोटं नाचवणं आणि "घे, घे" म्हणणं त्यांनी एकदाही केलं नाही. एका संध्याकाळी हे पेपर वाचता वाचता सहज गुंडीपुढे बोटं हलवायला लागले, तर वन्सं खेकसल्या, "तो खेळ नाही!"

"का? काय झालं?"

"तो एकाच माणसासाठी ठेवलाय."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी भांडी पुसत होते. मी एक ताटली दोनदा पुसली आणि काही बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर वन्संनी कदाचित ऐकलंही असतं. पण "एकटी बाई, डोकं जागेवर नसतं" हे वाक्य माझ्याही कानात खिळ्यासारखं बसलं होतं. एकतीस वर्षं ज्या बाईने माझ्या मुलांचे गणवेश उसवले तसे शिवले, माझ्या आजारपणात स्वयंपाकघर चालवलं, तिच्याबद्दल! देवा, मी गप्प बसले ते समजूनउमजून बसले. माझ्या वाटणीचं मी मान्य करते.

ट्रायलच्या दिवशी वन्संनी निळा पोशाख इस्त्री करून घातला. गुंडीला विंचरलं. माळ खिशात टाकली आणि मला म्हणाल्या, "तू साक्षीला चल."

दुकानात तीन बाजूंना आरसे आणि मध्ये एक लाकडी पाटासारखा उंचवटा. वकीलबाई त्यावर उभ्या होत्या, अंगावर पांढऱ्या कच्च्या टाक्यांचा काळा कोट, हात किंचित बाजूला. मास्तर तोंडात टाचण्या धरून बाहीशी वाकले होते. आरशात आम्ही दोघी दिसलो तसं त्यांनी टाचण्या काढल्या.

"बाई, इथे काय काम तुमचं? आणि ते परत आणलंत?"

वकीलबाई एक पाऊल मागे सरल्या. मनगटावर अजून फिकट खूण होती.

"वकीलबाई," वन्सं म्हणाल्या, "तुम्ही एका बाजूचं ऐकलंत. दुसरी बाजू मी पिशवीतून आणलीय. हात पुढे करा. चावली तर मी मान्य करीन की माझं डोकं जागेवर नाही."

वकीलबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हात पुढे केला, तोच, खुणेचा. गुंडीने तो हुंगला आणि चाटला. वन्संनी स्वतःचं बोट तिच्या तोंडात घातलं, हिरडी चोळली, काढलं. कोटाची कड नाकापुढून फिरवली. गुंडीने जांभई दिली.

वकीलबाईंना हसू आलं. ते हसू पाहून मास्तर बिथरले.

"मारून मुटकून चार दिवस गप्प केलंय हो! जातीचा गुण जातो होय? थांबा, तुम्हाला दाखवतो." त्यांनी टेबलावरचं अंगुस्तान उचलून मधल्या बोटात सरकवलं. वन्संनी गुंडीला अलगद खाली ठेवलं आणि दोन पावलं बाजूला झाल्या.

मास्तरांनी वाकून बोटं नाचवली. "घे वाघा, घे!"

गुंडीचे कान उभे राहिले. तिने झेप घेतली आणि तर्जनी पकडली, अगदी मुळापासून.

"आई गं!" मास्तर किंचाळले.

गुंडीने त्याच क्षणी तोंड उघडलं. बोट सुटलं. मग ती तुरुतुरु टेबलाकडे गेली, डाव्या बाजूच्या ड्रॉवरपुढे बसली आणि वर बघून शेपटी हलवायला लागली.

वकीलबाई उंचवट्यावरून उतरल्या. "ती तिथे काय मागतेय?"

मास्तर बोट दाबून धरत म्हणाले, "काही नाही, तिथे सुया आहेत."

वकीलबाईंनी ड्रॉवर ओढला. आत फोडलेला बिस्किटांचा पुडा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे 'घे' म्हटलं की चावायचं आणि बिस्किट मिळवायचं, हे तुम्ही शिकवलंत. 'आई गं' म्हटलं की सोडायचं, हे यांनी. माझ्या मनगटाच्या वेळी तुमची बोटं माझ्या बाहीशी नाचत होती, आता आठवतंय मला. आणि तुम्ही मला काय सांगितलं होतंत, मास्तर? यांच्या डोक्याबद्दल?"

मास्तरांचा रंग उडाला. "ते... त्या वेळी तोंडातून गेलं."

"मग आता तोंडानेच परत घ्या. सगळ्यांसमोर. तेव्हाही सगळ्यांसमोरच गेलं होतं."

मास्तर वन्संकडे वळले. मी त्यांना पहिल्यांदाच खाली बघून बोलताना पाहिलं. "बाई, चूक माझी होती. तुमच्यावर खापर फोडलं. उद्यापासून या तुमच्या जागेवर."

वन्संनी पाठ फिरवली.

त्यांनी खिशातून माळ काढली. दुकानात मण्यांचा आवाज येत होता. मी मनातल्या मनात मोजत होते. मास्तर बोटाला फडकं धरून उभे, वकीलबाई कच्च्या टाक्यांच्या कोटात उभ्या, आणि गुंडी वन्संच्या पायाशी येऊन बसलेली. पंचवीस. अठ्ठावीस. तीस. गुंडी उठली आणि शेपटी हलवायला लागली. तिच्या हिशेबाने आता गोडीची वेळ झाली होती. वन्संच्या अंगठ्याखाली लाल दोरा आला. वन्संनी तो ओलांडला. एकतीस. बत्तीस. गुंडी माझ्याकडे बघायला लागली.

माळ पूर्ण झाल्यावर वन्सं वळल्या, पण मास्तरांकडे नाही. "वकीलबाई, तुमच्या कोटाला काजं कुणाची हवीत?"

"तुमची."

"मग त्यांना सांगा, कोट माझ्या घरी पोचवायचे. त्यांनी स्वतः. दुसऱ्या कुणाच्या हाताने नाही. मी घरीच काजं करीन. आणि सांगा, माझं अर्धं राहिलेलं काज कुणी पुरं केलं असेल तर ते उसवून पाठवायचं."

मास्तर जेमतेम दोन हातांच्या अंतरावर उभे होते. वकीलबाई गंभीर चेहऱ्याने त्यांच्याकडे वळल्या आणि शब्दन्‌शब्द सांगितला. मास्तर म्हणाले, "बरं, सांगा त्यांना." मला सात महिन्यांचं मीठ आठवलं.

त्याच संध्याकाळी मास्तरांना टोचून घ्यावं लागलं, असं कळलं. मी त्यांच्या बोटासाठी प्रार्थना केली. खरं सांगायचं तर एकच ओळ केली.

याला आता अडीच महिने झाले. दर सोमवारी मास्तर कोटांचं गाठोडं घेऊन आमच्या दाराशी येतात. वन्सं आत सुई चालवत असतात. "त्याला सांग, चार दिवस लागतील," त्या मला म्हणतात. "सांगा त्यांना, चालेल," मास्तर मला म्हणतात. गुंडी दोघांच्या मध्ये बसते. मास्तर दोन्ही हात खिशात ठेवतात, कधी बाहेर काढत नाहीत. ज्यांनी पूर्वी नाही म्हटलं होतं त्यातला एक जण, तो हसलेला, परवा स्वतः दोन कोट घेऊन आला. वन्संनी ते घेतले नाहीत. त्याच्याशीही बोलल्या नाहीत, त्यालाही मलाच सांगावं लागलं.

काल मी विचारलं, "वन्सं, आता किती दिवस? त्यांनी चूक कबूल केलीय."

त्यांनी दोरा मेणावरून ओढला. "कागद कापला त्याचे सात महिने होते," त्या म्हणाल्या. "याने माझं नाव कापलं. तू मोज."

मी माळेवरचा लाल दोरा सोडवणार होते, माझी माळ मला परत हवी आहे. वन्सं म्हणाल्या, राहू दे, गुंडीला लागतो. गुंडी त्या दिवसानंतर कुणालाही चावलेली नाही.

आज दुपारी वन्संना गुंडीला पुढची लस टोचायला न्यायचंय, आणि येताना काळ्या रेशमी दोऱ्याची दोन रिळं आणायचीत.